शनिवारच्या मनुका

शनिवारी दुपारी ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं, की मी काळ्या मनुकांची पुडी सोडते. ताटात पसरल्या की आधी नुसता सुरकुतलेला काळोख दिसतो. मग डोळा सरावतो आणि एकेक मनुका वेगळी होते, कुणाच्या अंगावर पांढुरकी साय, कुणाला अजून बारीकसा देठ चिकटलेला, कुणाच्या घडीत वेलीवरच्या कुठल्याशा दुपारची धूळ. देठ खुडायचे. तीन पाण्यांतून धुवायच्या. ऊन पाण्यात भिजत घालायच्या. रात्री घर झोपलं की मंद आचेवर उकळायच्या, हातानं कुसकरायच्या आणि दुपदरी मलमलीतून पिळून घ्यायच्या. उद्यावर महिन्याचा पहिला रविवार आलेला असतो. सकाळी हाच रस प्याल्यात ओतला जाईल, पाळकसाहेब त्यावर हात धरतील, आणि रात्रभर माझ्या बोटांना येणारा हा आंबूसगोड वास वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकलेल्या साठ-सत्तर माणसांच्या ओठांशी जाईल.

तेव्हा त्याला मनुकांचं पाणी म्हणत नाहीत.

हे काम मला सासूबाईंकडून आलं. त्यांच्याकडे सोनं नव्हतंच; कल्हईचं एक पितळी पातेलं, एक फडकं आणि महिन्याकाठची ही एक रात्र, एवढं स्त्रीधन त्यांनी माझ्या हाती ठेवलं आणि शेजारी पाट ओढून बसल्या. प्रवरेकाठच्या या गावात मी सून म्हणून आले तेव्हा बावीस वर्षांची होते, डी.एड. झालेली, नगरला मोठ्या चर्चच्या गायनमंडळीत गायलेली, बायबलातले अध्याय तोंडपाठ असलेली. मला वाटलं, आता त्या प्रार्थना सांगतील, निदान एखादं वचन तरी म्हणायला लावतील. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "हात धुतलेस?" मी हो म्हटलं. "आणि कुणावर रागावलेली नाहीस ना?" दुसरा प्रश्नही त्यांनी पहिल्याच आवाजात विचारला, जणू दोन्ही मळ एकाच साबणानं निघतात. त्यानंतर जितकी वर्षं त्या होत्या तितकी वर्षं दर महिन्याला हे दोन प्रश्न आले, आणि दुसऱ्याला मी किती वेळा खोटं उत्तर दिलं ते मनुकांनाच ठाऊक.

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट त्या याच ओट्याशी सांगत. नदीचं पात्र हाडासारखं पांढरं पडलं होतं. बाया दुष्काळी कामावर खडी फोडत, तान्ही पोरं बाभळीच्या विरळ सावलीत झोळीत टांगलेली, घरी लाल मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. मनुका कुठल्या? त्या वर्षी एका रविवारी प्याल्यात गुळाचं पाणी होतं आणि थाळीत मिलोच्या भाकरीचे तुकडे. "चव कशी लागली?" मी विचारलं होतं. त्या बराच वेळ पातेल्यात पळी फिरवत राहिल्या. बुडबुडे फुटत होते. मग म्हणाल्या, "हातावर तुकडा पडला ना, तेव्हा हाताला खडीचे फोड होते. तुकडा फोडावर टेकला. तेवढंच आठवतं." पुढे मी किती प्रवचनं ऐकली, शिबिरांना गेले, वह्या भरल्या. मोडलेल्या भाकरीबद्दल त्याहून जास्त मला कुणी सांगितलेलं नाही.

आणि प्याल्याबद्दल सांगायचं तर सासूबाईंच्या आजीपासून सांगावं लागेल. त्या आजीला गावच्या आडावर चढता येत नव्हतं. खाली उभं राहायचं, ओंजळ धरायची, वरून कुणाला दया येऊन पाणी पडेपर्यंत थांबायचं. आणि पडलं तरी ते अंतर ठेवून, उंचावरून, अंगावर शिंतोडे उडवत. अमेरिकन मिशनची माणसं 1831 साली नगरला येऊन राहिली. पुढे हळूहळू खेड्यापाड्यांत शाळा आणि कौलारू मंदिरं उभी राहिली, त्यांतलंच एक आमचं. तिथे पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसलेल्या त्या बाईच्या हातात कुणीतरी प्याला दिला. वरून ओतला नाही. हातात दिला. तिच्या आधी कुणीतरी त्याच काठाला ओठ लावले होते आणि तिच्यानंतर आणखी कुणी लावणार होतं. म्हणे तिनं तो इतका घट्ट धरला की पुढच्याला द्यायचंच विसरली. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या मनातलं सोवळं कसं गळत गेलं ते लिहिलं आहे. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायला आणखी पाच वर्षं जावी लागली. त्या बाजूनं एक बाई पाण्यापाशी आली, या बाजूनं दुसरी. मधे तोच एक काठ.

पाणी एक झालं, हे खरं. मनं एक व्हायला पिढ्या लागल्या आणि अजून लागताहेत. सोयरिकीच्या वेळी कुणाच्या कानाशी काय कुजबुजलं जातं, मंडळीच्या निवडणुकीत कोणती घरं कुणाच्या मागे उभी राहतात, ते आम्हांला ठाऊक आहे. ठाऊक असून आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच कठड्याशी जातो. मला पूर्वी यात लबाडी वाटे. आता वाटतं, कठड्याशी जाऊन जाऊनच एखाद दिवशी कळेल.

शुभवर्तमानांत शुक्रवारला पानंच्या पानं आहेत. वाडा, शेकोटी, कोंबडा, पायऱ्या, माळ. रविवारची पहाट तर चौघांनी चार परींनी रंगवली आहे. शनिवार मात्र जवळजवळ कोरा. कबरीला धोंडा लागला आहे, बारातले उरलेले कुठेतरी दार लावून बसले आहेत, आणि लूक एवढंच सांगून जातो की गालीलातून आलेल्या त्या बाया कबर पाहून परत फिरल्या, सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली आणि शब्बाथ पाळून गप्प राहिल्या. मी या ओळीशी नेहमी अडखळते. त्यांच्या मनात पुनरुत्थान नव्हतं. त्यांना उद्याचं काहीच माहीत नव्हतं. एका मेलेल्या माणसाच्या अंगाला लावायला त्यांनी गंध कुटून, तेलात कालवून, झाकून ठेवलं होतं, कारण ते करायचं असतं. त्या घरात रात्रभर तो वास कोंडून राहिला असेल. उशीला, केसांना, बोटांच्या पेरांना. आणि बाहेर काहीच घडत नसेल.

असे शनिवार आयुष्यात फार असतात.

केडगावला मी शाळेतल्या मुलींना घेऊन एकदा गेले होते. पुण्याहून येताना दौंडच्या अलीकडचं ते रेल्वेचं गाव. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारलं, दुष्काळात अनाथ झालेल्या, टाकून दिलेल्या पोरींना आणून तिथे वाढवलं, शिकवलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायांना उमगेल अशा मराठीत बायबल उतरवू लागल्या. ते छापायचं कामही तिथल्याच बायका-मुली करत. खिळे जुळवत. छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरांना आपल्याकडे खिळे म्हणतात, हे माझ्या वडिलांमुळे मला लहानपणापासून माहीत होतं. पण केडगावच्या त्या दुपारी हा शब्द अचानक आतून बदलला. शुक्रवारचे खिळे आणि हे खिळे. उलटी अक्षरं, एकेक उचलून, ओळीत लावून, शाईत काळ्या झालेल्या नखांनी एखादी पोर येशूच्या हातापायांत ठोकलेल्या खिळ्यांची गोष्ट खिळ्या-खिळ्यानं जुळवते आहे, आणि जिला कुणी घरात घेत नव्हतं तिच्या बोटांतून ती गोष्ट सुलटी होऊन कागदावर उतरते आहे. 1921 साली रमाबाईंची मनोरमा गेली, एकुलती लेक, जिच्यावर सगळं सोपवायचं होतं. त्यानंतरही आईनं भाषांतराचे कागद बाजूला सारले नाहीत. पुढच्या एप्रिलात, 1922 मध्ये, त्याही गेल्या. छापील बायबल आलं ते 1924 साली. त्यांनी ते बांधलेलं हातात घेतलं नाही. लेक गेल्यावरच्या त्या आठ-नऊ महिन्यांतल्या सकाळी मी कितीदा मनाशी पाहिल्या आहेत: चष्मा, कागद, बाहेर पोरींचा कालवा, ऐकू कमी येत चाललेलं, आणि मूळ शब्दाला मराठी शब्द शोधणारं ते वाकलेलं डोकं.

मंडळीनं मला कमिटीवर निवडून दिलं तेव्हा सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. खजिनदार केलं. मास्तरीण आहे, हिशेब पक्का असणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि मलाही. चर्चचं पुढारीपण लांबून वेदीच्या उजेडातलं वाटतं. जवळ गेलं की कबुतरांची घाण असते, थकलेलं वीजबिल असतं, कब्रस्तानाची ढासळलेली भिंत असते, रात्री अडीचला कुणाच्या तरी म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला गाडी हवी असते, लग्न मोडायला निघालेल्या जोडप्याच्या दोन्ही आया आपापली बाजू घेऊन एकाच संध्याकाळी दाराशी असतात. आणि दर रविवारी उपासना संपली की व्हेस्ट्रीतल्या टेबलावर दानाच्या मखमली पिशव्या उलट्या होतात. नाण्यांना माणसांचा ऊबदारपणा असतो. शिवणकाम करणाऱ्या एका विधवेची दहाची नोट नेहमी चार घड्यांची, इस्त्री केल्यासारखी. ती उलगडताना मला कुणाचं तरी पत्र चोरून वाचल्यासारखं वाटे. हाताला तांब्यापितळेचा वास रात्रीपर्यंत राही. मनुकांच्या वासाच्या वर तो दुसरा वास चढला.

हंगामाचा सण आमच्याकडे फार देखणा असतो. वेदीपुढे जोंधळ्याची कणसं, उसाची मोळी, डाळिंबं, कांद्याच्या माळा, भोपळे, पाय बांधलेली एखादी कोंबडी. गायनाच्या मधेच ती ओरडते आणि लहान मुलं खुदकन हसतात. उपासनेनंतर अंगणात लिलाव. एका म्हातारीनं आणलेलं एकच अंडं कुणीतरी दोनशेला घेतो आणि परत लिलावात ठेवतो, दुसरा ते तीनशेला घेतो, तोही परत ठेवतो. एक अंडं पाच हातांतून फिरतं, आणि ती म्हातारी पदर तोंडाशी धरून उभी असते, आपल्या अंड्याची किंमत ऐकत. त्या अंगणात थोडा वेळ देवाचं राज्य आल्यासारखं असतं.

त्या वर्षीच्या त्याच लिलावात हिशेब चुकला. एक हजार आठशे चाळीस रुपये कमी.

लिलावाची वही ज्यांच्या हातात होती त्यांना सारी मंडळी दादा म्हणायची. वयानं मोठे, कित्येक वर्षांचे पंच. चर्चचा चांदीचा मुलामा असलेला प्याला आणि थाळी बारीक चाळलेल्या राखेनं उजळायचं काम त्यांच्याकडे. दर पहिल्या शनिवारी संध्याकाळी ते प्याला फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणून देत, चहा घेत, जात. मी त्यांना एकटं गाठून विचारू शकले असते. मी कमिटीच्या बैठकीत विचारलं, वही पुढे सरकवून, बेरजेखाली बोट ठेवून, शाळेत पोराला विचारावं तसं. पंखा करकरत होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. दादा वहीकडे न बघता म्हणाले, "बाई, हिशेब तुमचाच बरोबर असेल." आणि उठून गेले. पुढच्या रविवारी टेबलावर पाकीट होतं, मोजून एक हजार आठशे चाळीस. खरं काय घडलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या हातून कुठे खर्च झाले होते, की कुणाची बोली वहीत दोनदा चढली होती, की माझीच बेरीज कुठेतरी घसरली होती. वही बंद झाली. माझी बाजू कागदावर स्वच्छ होती. बरोबर असण्यात इतका गारठा असतो हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर प्याला नातवाच्या हाती येऊ लागला. तसाच लखलखीत. चहा नाही.

त्या पहिल्या शनिवारी मनुका कुसकरताना सासूबाईंचा दुसरा प्रश्न पाटावर बसलेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. सकाळी कठड्याशी गेले तर गर्दीत जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या शेजारी. मला उठून जायचं होतं. दान वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाकडे जायचं, असं काहीसं प्रभूनं डोंगरावर सांगितलेलं मी शाळेतल्या पोरांना कितीदा समजावलं होतं. गुडघ्यावर बसल्यावर ते फार लांबचं वाटलं. प्याला उजवीकडून येत होता. दादांनी घेतला, त्यांचा कंठमणी हलला. पाळकसाहेबांनी पांढऱ्या रुमालानं काठ पुसला, प्याला जरासा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. चांदीत माझा चेहरा वाकडा दिसत होता. मी प्यायले. राग गेला नाही. कुठला उजेड पडला नाही, डोळे भरून आले नाहीत. मी रात्री उकळलेलं, त्यांनी उजळलेलं, एवढंच जिभेवर होतं, आणि ते गोड होतं.

आम्ही उठलो आणि आपापल्या बाकांवर गेलो. असं चार वर्षं चाललं.

2020 च्या मार्चअखेर सगळं बंद झालं. एप्रिलचा पहिला रविवार झावळ्यांचा होता. चर्चला कुलूप, रस्त्यावर कुत्री, नदीकाठच्या शिंदीच्या झावळ्या कुणी तोडल्याच नाहीत. आदल्या दिवशी दुपारी ऊन ओट्यावरून उतरलं आणि माझा हात फडताळातल्या पुडीकडे गेला. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही. देठ खुडले, धुतल्या, भिजत घातल्या. घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्यात अडकलेला, फोनवर त्याचा कोरडा खोकला ऐकून माझा जीव उडालेला. मनुका पाण्यात फुगत होत्या. संध्याकाळी अंगणाच्या भिंतीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. बाहेर गेले तर फडक्यात गुंडाळलेला प्याला, आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला तोंडाला उपरणं बांधून दादा उभे.

"उद्या नाही ना काही," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "शनिवार आहे म्हणून."

मी फडकं सोडलं. मावळतीचा उजेड प्याल्यात भरला आणि भिंतीवर थरथरत राहिला. मला म्हणायचं होतं ते मी म्हटलं, त्या बैठकीबद्दल, रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरावरून, नीट शब्द न सापडता. त्यांनी हात वर केला. आशीर्वादाचा होता, की पुरे म्हणण्याचा, की नुसता सलाम, ते अंधारात कळलं नाही. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, त्यांची पत्नी गेली. कब्रस्तानात पाचच माणसं होती. पुढच्या ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन तिथे गेलो तेव्हा दादा तिच्या मातीवरची मेणबत्ती विझू नये म्हणून ओंजळीचा आडोसा धरून वाकून उभे होते, आणि उजाडलं तरी त्यांनी हात काढले नाहीत.

आता त्यांची नजर पार मंदावली आहे. प्याला नातूच उजळतो. पण पहिल्या शनिवारी दुपारी काठी टेकत ते येतात, ओट्याशी पाट आहे त्यावर बसतात, सासूबाईंच्या पाटावर, आणि मी ताट त्यांच्यापुढे सरकवते. ते मनुका बोटांनी पाहतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एकेक फिरवतात, देठ लागला की नखानं खुडतात, ताटाच्या कडेला लावतात. माझ्या डोळ्यांतून निसटलेले देठ त्यांच्या बोटांना सापडतात. चहा निवत जातो. अंगणातलं ऊन भिंतीला लागतं.

"हात धुतले का दादा?" मी आज सहज विचारलं.

ते थांबले. मनुका बोटांत तशीच. "धुतले," म्हणाले, आणि मान माझ्याकडे वळवून वाट पाहत राहिले, जणू पुढचंही त्यांना ठाऊक होतं.